ऑक्टेव्हिया आरएस २३०: नागपूरच्या उन्हाळ्यात ५डब्ल्यू-४० इंजिन ऑइल पुरेल की १०डब्ल्यू-६० घालावे?

वऱ्हाडी_टर्बो

नमस्कार मंडळी. गाडी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३०, २०१७ ची. २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), सहा गिअरची डीएसजी (ऑटोमॅटिक), रीमॅप (इंजिनाच्या संगणकात बदल) केलेला नाही. रनिंग ६८,००० किमी. आजवर प्रत्येक सर्व्हिसला ५डब्ल्यू-४०, व्हीडब्ल्यू ५०२ ०० (फोक्सवॅगनची मंजुरी) हेच ऑइल पडले आहे. वापर म्हणजे आठवडाभर शहरातल्या आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या, मधूनमधून समृद्धीवरून लांबचा प्रवास आणि येत्या हिवाळ्यात कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर चालवायचा विचार आहे.

शंका अशा:

१. इथले एक अनुभवी मिस्त्री म्हणतात, ४५ अंशांच्या उन्हात ४० ग्रेडचे पाणी होते, १०डब्ल्यू-६० घाला.
२. नव्या टीएसआय गाड्यांना ०डब्ल्यू-२० येते. ते हिला चालेल का?
३. हजार किलोमीटरला साधारण ३०० मिली ऑइल कमी होते. जाड ऑइलने ते थांबेल का?
४. ट्रॅकसाठी वेगळा ग्रेड लागतो का?

जाणकारांनी कारणांसह सांगावे.

---

बेअरिंग_क्लिअरन्स

भाऊ, आधी त्या ४५ अंशांचे पाहू, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते.

ऑइलला बाहेरची हवा थेट भेटत नाही. तुमच्या इंजिनात (ईए८८८, जनरेशन ३) ऑइल कूलर कूलंटवर चालतो. ऑइलची उष्णता कूलंटमध्ये जाते, कूलंटची रेडिएटरमधून हवेत, आणि कूलंटचे तापमान थर्मोस्टॅट धरून ठेवतो. म्हणून जानेवारीत काय किंवा मे महिन्यात काय, एकसारख्या वेगाने जाताना ऑइल साधारण ९५ ते १०८ अंशांतच फिरते. उन्हाळ्यात रेडिएटरची राखीव ताकद कमी होते, त्याचा परिणाम दिसतो तो एसी चालू असताना लांब चढ चढताना किंवा गाडी सतत ताणताना. उभ्या गाडीला ऊन लागले म्हणून ऑइल पातळ होऊन बेअरिंग खात नाही.

आता ग्रेडचे आकडे. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टचा. ५डब्ल्यू ऑइलची क्रँकिंग चाचणी उणे ३० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर, ०डब्ल्यूची उणे ३५ वर. नागपूरच्या हिवाळ्यातल्या पहाटेला यातले कुठलेही चालते, तेव्हा त्या आकड्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. मागचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो, आणि तो पट्टा असतो: २० म्हणजे ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक), ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९ आणि ६० म्हणजे २१.९ ते २६.१. त्यामुळे एका कंपनीचे 'पातळ ४०' आणि दुसरीचे 'जाड ४०' यांत चांगलाच फरक असू शकतो. डब्यावर तो दिसत नाही, डेटाशीटवर दिसतो.

चांगल्या ५डब्ल्यू-४० चे आकडे ४० अंशांवर ८४ आणि १०० अंशांवर १४ सेंटिस्टोक धरले, तर गणिताने पुढचे असे निघतात:

११० अंश: सुमारे ११.४
१२० अंश: सुमारे ९.४
१३० अंश: सुमारे ८

म्हणजे १२५-१३० अंशांवर तुमचे ५डब्ल्यू-४० तेवढेच पातळ असते जेवढे ०डब्ल्यू-२० हे १०० अंशांवर. उलट बाजूने, १०० अंशांवर २३ असलेले १०डब्ल्यू-६० जवळपास १२२ अंशांपर्यंत तापते तेव्हा कुठे ते १०० अंशांवरच्या ५डब्ल्यू-४० इतके होते. दोन ग्रेडचा फरक म्हणजे ऑइलच्या तापमानात वीस-बावीस अंशांचा फरक, एवढे लक्षात राहिले तरी पुरे. मग प्रश्न एवढाच उरतो की तुमचे ऑइल नेहमी १२० च्या वर राहते का? आरएसच्या मीटरमध्ये ऑइलचे तापमान दिसते. आठवडाभर नोंद घ्या आणि इथे टाका. त्याशिवाय ६० ग्रेडचा विचारही करू नका.

आणखी एक आकडा या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा आहे: एचटीएचएस. १५० अंश तापमान आणि सेकंदाला दहा लाख इतका शिअर रेट, अशा स्थितीत मोजलेला दाटपणा. क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑइलची फिल्म जिथे पिळली जाते तिथली परिस्थिती याच्याशी जुळते. ०डब्ल्यू, ५डब्ल्यू आणि १०डब्ल्यू-४० ला हा किमान ३.५ लागतो, ३० ग्रेडला २.९ आणि २० ग्रेडला २.६. व्हीडब्ल्यू ५०२ ०० मध्येही ३.५ ची अट आहेच. म्हणून ५०४ ०० मंजुरीचे ५डब्ल्यू-३० कधीकधी साध्या ३० पेक्षा बरेच दमदार निघते: तिथेही अट ३.५ चीच आहे. ग्रेडचा आकडा पाहण्याआधी मंजुरीचा आकडा पाहा, असे मी म्हणतो ते यासाठी.

---

चेंबर_नट

०डब्ल्यू-२० चे थोडक्यात: नाही.

ते ५०८ ०० मंजुरीचे ऑइल. ज्या इंजिनांचा पंप, बेअरिंग आणि क्लिअरन्स (भागांमधली फट) त्याच हिशेबाने बनवले आहेत त्यांच्यासाठीच. फोक्सवॅगनने ते जुन्या इंजिनांसाठी मंजूर केलेले नाही, आणि चुकून दुसऱ्या गाडीत जाऊ नये म्हणून त्याला हिरवा रंगही दिलेला असतो. गॅरेजमध्ये डब्यातून हिरवे ऑइल निघाले तर तिथेच थांबवा. मायलेजमध्ये मिळणारा फायदा एवढा किरकोळ असतो की त्यापायी २३० पीएसचे टर्बो इंजिन पणाला लावणे मला पटत नाही.

---

सिल्व्हरस्टोन_सातारा

१०डब्ल्यू-६० ची प्रसिद्धी कुठून आली ते सांगितले तर मिस्त्रींचे म्हणणेही समजेल.

ई४६ एम३ च्या एस५४ इंजिनाला आणि नंतरच्या ई९२ एम३ च्या एस६५ व्ही८ ला बीएमडब्ल्यूने १०डब्ल्यू-६० सांगितले. दोन्ही इंजिने टर्बोविना, ८,००० आणि त्यापुढच्या आरपीएमवर जाणारी. तेव्हापासून 'स्पोर्ट्स कार म्हणजे ६० ग्रेड' असे समीकरण झाले. पण त्याच बीएमडब्ल्यूने पुढच्या एफ८० एम३ च्या टर्बो एस५५ ला १०डब्ल्यू-६० दिले नाही, लाँगलाइफ-०१ या स्वतःच्या मंजुरीच्या वर्गातले पातळ ऑइल दिले. पोर्शची ए४० ही मंजुरी ०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० ऑइलांना मिळते, आणि ९११ चालवणारे कित्येक जण तेच वापरतात.

सगळ्यात बोलके उदाहरण फोर्डचे. ५.० लिटरचे व्ही८ तेव्हाच्या रोजच्या मस्टँग जीटीमध्ये ५डब्ल्यू-२० वर चालत असे. त्याच घराण्याचे इंजिन २०१२-१३ च्या बॉस ३०२ मध्ये आले, म्हणजे ट्रॅकवर तासन्‌तास लाल रेषेजवळ फिरवायची गाडी, तेव्हा फोर्डने ५डब्ल्यू-५० सांगितले. बदलला तो वापर, आणि वापराबरोबर ऑइलचे तापमान. ग्रेड ठरतो तो बिल्ल्यावरून नाही.

तुमच्या गाडीत ६० ग्रेड घातल्यावर काय बिघडते? ऑइल पंप दोन टप्प्यांचा आणि नियंत्रित आहे. ठरलेले प्रेशर झाले की तो पुढे ढकलतच नाही. जाड ऑइलने मीटरवरचे प्रेशर चांगले दिसेल, पण बेअरिंगमधून जाणारा प्रवाह कमी होतो, आणि बेअरिंगची उष्णता वाहून नेतो तो प्रवाहच. टर्बोच्या शाफ्टचेही तसेच. थंड इंजिनात तर फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशरमध्ये इतका फरक पडतो की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले ऑइल पुढे जाते. चेन टेन्शनर आणि कॅम फेजर (व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारा भाग) दोन्ही ऑइलच्या प्रेशरवर चालतात. सकाळच्या पहिल्या काही सेकंदांत त्यांना ऑइल पोहोचायला उशीर झाला तर चेनचा खडखडाट ऐकू येतो. त्यात १०डब्ल्यू-६० च्या डब्यावर सहसा ५०२ ०० ची मंजुरी नसते, ही गोष्ट वेगळीच.

मिस्त्रींचा अनुभव खोटा नाही. जुन्या, झिजलेल्या, मोठ्या क्लिअरन्सच्या इंजिनांना जाड ऑइलने आवाज कमी होतो. हे इंजिन त्या जातीचे नाही.

---

वऱ्हाडी_टर्बो

सगळ्यांचे आभार. तापमानाच्या नोंदी: शहरात ८८ ते ९८. समृद्धीवर ताशी १२० किमीच्या मर्यादेत ९९ ते १०६, बाहेर ४३ अंश आणि एसी चालू. घाटात दाबून चालवल्यावर ११४ पर्यंत गेले, खाली उतरताना लगेच १०२ वर आले.

हजार किलोमीटरला ३०० मिलीचे काय करू? आणि ऑइल पुढच्या महिन्यात स्वतःच बदलायचे आहे, तर पद्धतही सांगा.

---

बेअरिंग_क्लिअरन्स

या नोंदींवर ५डब्ल्यू-४० च बरोबर. सर्वांत जास्त ११४, म्हणजे तेव्हाही दाटपणा दहाच्या वर. ५० ग्रेडचीही गरज नाही.

तुमच्या वापरात खरा शत्रू उन्हापेक्षा शहरातल्या छोट्या फेऱ्या. आठ किलोमीटरमध्ये कूलंट तापते, ऑइल नीट तापत नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात थोडे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरते. ऑइल नव्वद-शंभर अंशांवर बराच वेळ राहिले तर ते उडून जाते, नाही तर साठते आणि ४० चे ३० होते. त्याच वेळी ऑइलमधले व्हिस्कॉसिटी वाढवणारे पॉलिमर गिअर आणि बेअरिंगमध्ये पिळून तुटतात, त्यानेही दाटपणा उतरतो. दोन्ही नुकसान जाड ऑइल घालून लपते, थांबत नाही. थांबते ते वेळेवर बदलल्याने. कंपनीचा १५,००० किमी किंवा एक वर्ष हा अंतराल हायवेच्या वापराला ठीक आहे. तुमच्यासाठी ७,५०० किमी किंवा सहा-आठ महिने. शिवाय आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवा.

खात्री हवी असेल तर बदलताना ऑइलची धार निम्मी गेल्यावर मधलाच १०० मिली नमुना स्वच्छ, कोरड्या बाटलीत घ्या आणि ऑइल तपासणाऱ्या लॅबला द्या. १०० अंशांवरचा दाटपणा, पेट्रोलचे प्रमाण, लोखंड आणि टीबीएन (ऑइलची आम्ल मारायची उरलेली ताकद) एवढे मागा. दाटपणा १२.५ च्या खाली आणि पेट्रोल जास्त असेल तर अंतराल आणखी कमी करा. दाटपणा जागेवर असून लोखंड चढले असेल तर कारण वेगळे आहे, ग्रेड बदलून उपयोग नाही.

एलएसपीआयचेही लक्षात ठेवा: कमी आरपीएम आणि जास्त लोडवर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते, आणि पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियम डिटर्जंटचा यात हात असतो, म्हणून एपीआय एसपी (ऑइलचा दर्जावर्ग) असलेले ऑइल घ्या. मॅन्युअल मोडमध्ये वरच्या गिअरला १,५०० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका.

---

चेंबर_नट

३०० मिलीबद्दल. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खप चालतो असे लिहिले आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटर हात वर करील. तरीही ३०० हा आकडा जनरेशन ३ साठी मला थोडा जास्त वाटतो. ग्रेडकडे वळण्याआधी पीसीव्ही, म्हणजे इंजिनवरचा ऑइल सेपरेटर तपासा. या इंजिनात त्याचा पडदा फाटणे नेहमीचेच. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचे झाकण उचलून पाहा. हलकी ओढ असणे बरोबर. झाकण घट्ट ओढून धरले असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि झाकण काढताच आयडल बदलत असेल, तर पडदा गेला. पूर्ण युनिट बदलावे लागते, नुसता पडदा टिकत नाही. मग इनटेकच्या पाइपमध्ये आणि इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइल साठले आहे का ते पाहा. थोडा ओलावा चालतो, थेंब गळत असतील तर टर्बोचे सील किंवा पीसीव्ही.

हे सगळे ठीक निघाले तर त्याच ५०२ ०० मधले कमी बाष्पीभवनाचे ऑइल निवडा. डेटाशीटवर 'नोॲक' असा आकडा असतो: २५० अंशांवर एका तासात किती टक्के उडते. ए३/बी४ या एसीईएच्या (युरोपियन मोटार उत्पादकांच्या) वर्गाला १३ टक्क्यांची मर्यादा आहे. ९-१० चे मिळाले तर खपात फरक दिसतो.

बदलायची पद्धत:

गाडी सपाट जागी घ्या. ऑइल ६०-७० अंशांवर असू द्या, उकळते नको. रॅम्पवर चढवली तर मागचीही बाजू उचलून समतल करा, नाही तर चेंबरमध्ये जुने ऑइल उरते. नुसत्या जॅकवर उभी करून खाली जाऊ नका.

फिल्टर वरूनच निघतो. चेंबर उघडण्याआधी फिल्टरचे झाकण ३२ च्या सॉकेटने दोन-तीन आटे सैल करा आणि पाच मिनिटे थांबा. हाउसिंगमधले ऑइल खाली उतरते आणि फिल्टर काढताना इंजिनवर सांडत नाही. ही पायरी बरेच जण गाळतात, मग ऑइल थेट बेल्टवर जाते.

खालचे कव्हर काढा. चेंबर पत्र्याचा असेल तर नट नवा घ्या, त्याचा वायसर नटालाच जोडलेला असतो. टॉर्क ३० न्यूटन मीटर. प्लॅस्टिकचा चेंबर असेल तर प्लग चौथाई फिरवून निघतो. तोही प्रत्येक वेळी नवा, आणि त्याला टॉर्क पाना लावायचा नसतो, खाचेत बसला की झाले. प्लॅस्टिकच्या आट्यांवर जोर लावून चेंबर फोडलेल्या गाड्या गॅरेजमध्ये कमी येत नाहीत.

फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग बदला, नव्या ऑइलचे बोट फिरवा, झाकण २५ न्यूटन मीटर. जास्त आवळले की पुढच्या वेळी झाकणाला तडा जातो.

पूर्ण क्षमता फिल्टरसह ५.७ लिटर. आधी ५.२ टाका, इंजिन एक मिनिट आयडलवर चालवा, बंद करून पाच मिनिटे थांबा, डिपस्टिक पाहा, मग १००-१५० मिलीच्या हिशेबाने वाढवा. वरच्या खुणेच्या पुढे नको. क्रँक ऑइलला लागला तर फेस होतो, फेसात हवा असते, आणि हवेची फिल्म बेअरिंग धरत नाही. जास्तीचे ऑइल पीसीव्हीतून इनटेकमध्येही जाते.

इंजिन फ्लश आणि बाटलीतले 'घर्षण कमी करणारे' ॲडिटिव्ह, दोन्ही नकोत. मंजूर ऑइलच्या रसायनाचा तोल त्यांनी बिघडतो.

---

सिल्व्हरस्टोन_सातारा

कारीसाठी. ट्रॅक २.१ किमीचा, सरळ भाग छोटे. गाडी सतत ब्रेक, वळण आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या जोरात राहते, रेडिएटरला वारा कमी. त्यामुळे समृद्धीवरचे १०६ पाहून निर्धास्त राहू नका. तिथे १२० च्या वर जाऊ शकते. क्रम असा ठेवा:

जाण्याआधी ताजे ५डब्ल्यू-४०, पण शक्यतो त्या ग्रेडच्या जाड टोकाचे: १०० अंशांवर १४ च्या पुढे, एचटीएचएस ३.७ च्या वर. डेटाशीटवर पाहून घ्या. पातळी बरोबर वरच्या खुणेवर. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकते आणि कमी पातळीवर पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते. स्टार्ट केल्यावर ऑइल ८० पार होईपर्यंत ३,००० आरपीएमच्या आत. सत्र पंधरा मिनिटांचे. १२५ दिसले की एक फेरी वरच्या गिअरमध्ये हलकी, १३० दिसले की पिटमध्ये. शेवटची फेरी थंड करण्याची, मग इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे आयडल, म्हणजे टर्बोत ऑइल जळून कोळसा होत नाही. प्रत्येक सत्रानंतर डिपस्टिक. घरी परतल्यावर ऑइल बदलून टाका, किलोमीटर किती झाले ते न पाहता.

हे सगळे करूनही प्रत्येक सत्रात १३० होत असेल, तर पहिला खर्च मोठ्या ऑइल कूलरवर. ५डब्ल्यू-५० हा त्यानंतरचा उपाय, आणि तोही फक्त ट्रॅकच्या दिवसापुरता.

---

वऱ्हाडी_टर्बो

झाकण उचलून पाहिले. चांगलेच ओढून धरले होते, शिट्टीही आहे. पीसीव्ही युनिट मागवतो. ऑइल ऑनलाइन स्वस्त दिसते, घ्यावे का? आणि डब्यावर नेमके काय वाचायचे?

---

चेंबर_नट

मग खपाचे मुख्य कारण सापडले. युनिट बदलल्यावर पुढच्या हजार किलोमीटरला पुन्हा मोजा. इंटरकूलरच्या खालच्या होजमध्ये साठलेले ऑइलही त्याच वेळी काढून टाका, नाही तर काही दिवस धूर दिसत राहील.

डब्याच्या मागे 'अप्रूव्हल' किंवा 'अप्रूव्ह्ड' या शब्दाखाली व्हीडब्ल्यू ५०२ ०० छापलेले हवे. 'सूटेबल फॉर यूज' आणि 'मीट्स रिक्वायरमेंट्स' हे विकणाऱ्याचे म्हणणे. फोक्सवॅगनची मंजुरी त्याने सिद्ध होत नाही. सोबत एपीआय एसपी आणि एसीईए ए३/बी४. गाडीत पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर हिशेब बदलतो, तिथे कमी राखेचे ऑइल लागते; ते तुमच्या मॅन्युअलच्या ऑइलच्या पानावर पाहून घ्या.

ऑनलाइन घ्यायचे तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच. सील, डब्यावरचा आणि खोक्यावरचा बॅच नंबर जुळवा, क्यूआर असेल तर स्कॅन करा. एक लिटरचे सहा डबे लागतात; सहाही एकाच बॅचचे मिळाले तर उत्तम. उरलेले ३०० मिली टॉपअपसाठी झाकण घट्ट लावून ठेवा. रिकाम्या डब्यांना भोक पाडून मगच भंगारात द्या, कारण बनावट ऑइल भरले जाते ते याच डब्यांत. जुने ऑइल गटारात किंवा मातीत नको, ज्या गॅरेजमधून ते रीसायकलिंगला जाते तिथे नेऊन द्या.